विम्याचे कार्ड आणि साथीचा रोग

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला सांगितले की धम्मावर बोलणारे वक्ते सकाळच्या सत्रात आहेत, तुम्ही दुपारी आरोग्यावर बोला. माझी सगळी नोकरी आरोग्य खात्यात गेली, तेव्हा हे काम माझ्याकडे यावे यात नवल नाही. मात्र आरोग्यातले नेमके काय बोलावे हे मला महिला मंडळातल्या एका मावशींनी सुचवले. मंडळाच्या बैठकीत नव्या कार्डांची माहिती देत होतो, तर मावशी मध्येच म्हणाल्या, "आता सगळ्यांका पाच लाखांचा कार्ड गावता. ह्यां कार्ड कोरोनाच्या टायमार असतां, तर आपली माणसां वाचली असती काय?"

बैठकीत एकदम शांतता झाली. कारण तिथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांतले कोणी ना कोणी २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये गेले आहे. मावशींचा हा प्रश्न जगभरचे अभ्यासकही विचारतात. ज्या देशात सर्वांना आरोग्य विमा आहे, त्या देशात साथीच्या रोगात माणसे कमी मरतात का? आज मी याच एका प्रश्नावर बोलणार आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत ताटकळत बसायला नको. कार्डाने फरक पडतो. पण कार्ड दवाखान्याचे बिल भरते, आणि साथीच्या रोगात माणूस बिलाच्या आधीच दोन ठिकाणी अडतो. एक, जवळ खाट आहे का. दोन, ताप आल्यावर तो कामावर न जाता घरी पडून राहू शकतो का. या दुसऱ्या गोष्टीचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला होता, आणि तो बाबासाहेबांच्या मजूर खात्यात झाला होता. त्याकडे मी येतोच.

आधी विमा म्हणजे काय ते साध्या भाषेत बघू. मुंबईत आपल्या जवळजवळ प्रत्येक गावाचे मंडळ आहे. त्या मंडळाचा मयत फंड असतो. महिन्याला ठरलेली वर्गणी, आणि एखाद्या घरात मयत झाली की फंडातून रक्कम मिळते. हाच विमा. शंभर घरे वर्गणी देतात, वर्षाला दोन-तीन घरांना गरज लागते, म्हणून फंड चालतो. आता कल्पना करा की एका महिन्यात तीस घरांना गरज लागली. पेटी रिकामी होणार, आणि उरलेली घरेसुद्धा त्याच महिन्यात कामावाचून बसलेली, म्हणजे नवीन वर्गणीही येणार नाही. साथ म्हणजे नेमके हेच. सगळ्यांवर एकदम येणाऱ्या संकटापुढे छोटा फंड टिकत नाही. मोठ्या विमा कंपन्यांनाही साथीचे भय वाटते ते याच कारणाने. इतकी मोठी पेटी फक्त सरकारकडे असते, कारण सरकार उद्याच्या करातून आजचा खर्च भागवू शकते. म्हणून साथीचा विमा हा शेवटी सरकारचाच विषय आहे.

आता एक जुनी साथ बघू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. तो ओळखणारे डॉक्टर आकासिओ व्हिएगस हे आपल्या शेजारच्या गोव्याचे. काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून पळाली, त्यात कोकणातली माणसे होतीच. २०२० च्या मे महिन्यात चाकरमानी गावाकडे निघाले तेव्हा अनेकांना ते नवल वाटले, पण हे पूर्वीही घडलेले आहे. त्या प्लेगात एक गोष्ट झाली ती आपण लक्षात ठेवावी. मुंबईतल्या ऐपतदार जातींनी आणि जमातींनी आपापली स्वतंत्र प्लेग इस्पितळे उभारली. ज्याच्या समाजाकडे पैसा, त्याच्या समाजाला स्वतःची खाट. बाकीच्यांना सरकारी छावणी. त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची सेवा करताना स्वतः प्लेगने गेल्या, १० मार्च १८९७ रोजी. आज आपण ज्या योजनेचे कार्ड खिशात ठेवतो ती महात्मा फुल्यांच्या नावाची आहे, आणि फुल्यांच्याच घरातली बाई साथीत गेली, हे किती जणांना ठाऊक असते?

त्यानंतर १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. जूनमध्ये ती मुंबई बंदरात उतरली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली ती भयंकर होती. सबंध देशात एक कोटीहून जास्त माणसे दगावली. मुंबई शहरात कोणत्या समाजाची किती माणसे गेली याचे आकडे नोंदलेले आहेत. ते मी लिहून आणले आहेत, नीट ऐका. दर हजार माणसांमागे युरोपियन ८.३, पारशी ९, वरच्या जातींचे हिंदू १८.९, मुसलमान १९.२. आणि त्या नोंदीत ज्यांना खालच्या जातींचे हिंदू म्हटले आहे, म्हणजे आपले पणजोबा, त्यांचे दर हजारी ६१.६. साहेबांच्या सातपटीहून जास्त.

आता विचार करा. त्या वेळी या रोगावर औषध नव्हते. पेनिसिलीन नव्हते, प्राणवायूची सोय नव्हती, लस नव्हती. पारशी बाबाला डॉक्टरने दिलेली बाटली आणि आपल्या पणजोबाने घेतलेला काढा, दोन्हींनी रोग बरा होत नव्हता. जंतू एकच. विमा कोणालाच नव्हता. मग सातपट फरक कशाने पडला? एका खोलीत दहा माणसे, नळाला पाणी नाही, महागाईने अर्धपोटी शरीर, घरात एक पडला की त्याला पाणी द्यायला कोणी नाही कारण बाकीचे कामावर, आणि स्वतः आजारी पडलेला तिसऱ्या दिवशी पुन्हा कामावर, कारण खाडा धरला तर पैसे नाहीत. या रोगात पडून राहणे हेच औषध होते. ते औषध आपल्याला परवडत नव्हते.

हे चित्र समोर ठेवून आता पुढचे ऐका. १९४२ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. आपण जयंतीला घटना सांगतो, चवदार तळे सांगतो, पुणे करार सांगतो. मजूर मंत्री म्हणून चार वर्षे त्यांनी काय केले हे फार कमी सांगितले जाते, आणि माझ्या मते आपल्या घरांवर त्याचा परिणाम मोठा आहे. १९४३ साली प्राध्यापक बी. पी. अदारकर यांच्यावर कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवण्यात आले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. कायदा झाला तेव्हा मजूर खाते बाबू जगजीवन राम यांच्याकडे होते, ते श्रेय त्यांचे त्यांना देऊ या, पण पाया बाबासाहेबांच्या कारकिर्दीत घातला गेला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांत आली. त्याच बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विम्याचा धंदा सरकारच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा असे मांडले होते. म्हणजे विमा हा त्यांच्या डोक्यात किरकोळ विषय नव्हता.

इथे बसलेल्या ज्येष्ठ मंडळींना ई.एस.आय.चा दवाखाना आठवत असेल. गिरणीत रिंगखात्यात काम करणारी आपली माणसे. विणाईच्या खात्यात आपल्याला घेत नसत, कारण कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपला स्पर्श चालत नसे, हेही नव्या पिढीला सांगितले पाहिजे. तर त्या गिरणी कामगाराला कार्ड होते. आजारी पडला की ई.एस.आय.च्या डॉक्टरकडे जायचे, गरज लागली तर परळच्या महात्मा गांधी रुग्णालयात जायचे. औषध फुकट. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. डॉक्टरने चिठ्ठी दिली की घरी पडून राहायचे आणि त्या दिवसांच्या मजुरीचा काही भाग विम्यातून मिळायचा. आजच्या नियमाने तो मजुरीच्या ७० टक्के आहे, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. क्षयासारख्या लांबणाऱ्या आजाराला याहून जास्त मुदत आहे. १९१८ ला जे औषध परवडत नव्हते, पडून राहण्याचे, ते या योजनेने कामगाराला मिळवून दिले.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप आला. पुढची कहाणी तुम्हाला मी काय सांगू? गिरण्या गेल्या, आणि नोकरीबरोबर कार्डही गेले. किती माणसे खोली विकून गावाला आली. इथे येऊन कोणी चिऱ्याच्या खाणीवर गेले, कोणी गवंड्याच्या हाताखाली, कोणी काजूच्या बागेत. या कामांना ई.एस.आय. नाही. ही योजना दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांतल्या पगारी कामगारांसाठी, तीही ठरावीक पगाराच्या आत. २०१७ साली ती मर्यादा महिना २१ हजार केली. १९४८ चा तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. पण रोजंदारीवरच्या माणसाचा ताप अजून त्याच्या एकट्याच्या खिशावरच आहे.

आता कोरोनाकडे येऊ. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. आपला जिल्हा त्या आठांत नव्हता, आपल्याकडे ती २०१३ च्या नोव्हेंबरात आली. २०१७ साली तिचे नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाले. पिवळे आणि केशरी रेशनकार्ड असलेल्यांना वर्षाला कुटुंबामागे दीड लाखापर्यंत उपचार. पांढऱ्या कार्डवाल्यांना नाही. २०२० च्या मे मध्ये कोरोनाने मुंबई गजबजली तेव्हा राज्य सरकारने निर्णय घेतला, २३ मे रोजी तो निघाला, की रेशनकार्डाचा रंग न बघता राज्यातल्या प्रत्येक रहिवाशाला योजना लागू. देशात असे करणाऱ्या पहिल्या राज्यांत आपण होतो, आणि हा निर्णय चांगलाच होता. त्याच आठवड्यात, २१ मे रोजी, खाजगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर सरकारने बांधून दिले. साध्या खाटेला दिवसाला ४ हजार, अतिदक्षता विभागात साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह ९ हजार. त्यात पीपीई किट आणि महागडी औषधे धरलेली नव्हती, म्हणून बिले फुगलीच, पण दर बांधले नसते तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

म्हणजे मावशी, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. कार्ड कोरोनाच्या वेळी होतेच! नाव वेगळे, रक्कम कमी, पण होते. तरी आपली माणसे गेली. का गेली?

पहिले कारण तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. योजना अंगीकृत रुग्णालयातच चालते, आणि तीही आजार गंभीर असेल तर. आपला जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला. अनेक वर्षे हृदयाचा झटका असो, डोक्याला मार असो, अडलेली बाळंतीण असो, आपली गाडी बांबोळीच्या दिशेने धावते. बांबोळी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर बसले, कारण ते आपलेच जिल्हा रुग्णालय असल्यासारखे आपण वर्षानुवर्षे वागत आलो होतो. जिल्ह्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२१ मध्ये, म्हणजे साथ ऐन भरात असताना. सुरुवातीच्या दिवसांत तर घशातल्या स्रावाचा नमुना मिरजेला जायचा. निकाल येईपर्यंत माणूस शाळेच्या खोलीत, नाहीतर घराच्या पडवीत. त्यात गोव्याने सीमा बंद केल्या, पत्रादेवीच्या नाक्यावर कागद दाखवल्याशिवाय गाडी पुढे जाईना. एस.टी. बंद. कोणाच्या वडिलांना मालवणहून ओरोसला न्यायचे तर गाडी कुठून आणायची, हाच मोठा प्रश्न. त्या वेळी खिशातले कार्ड काय करणार? केंद्राच्या आयुष्मान योजनेचे आकडे बघितले तर २०२० च्या टाळेबंदीच्या पहिल्या दहा आठवड्यांत देशभरातले दावे जवळजवळ निम्म्यावर आले होते. लोक बरे झाले म्हणून नव्हे हो. पोचताच आले नाही म्हणून.

दुसरी लाट आली आणि वर १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ. मालवणच्या किनाऱ्यावर माड पडले, घरांवरची कौले उडाली, कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. घरी प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्या म्हाताऱ्यांचे हाल तुम्ही पाहिले आहेत, त्यावर मी जास्त बोलत नाही.

आणि बांबोळीचे तरी काय झाले? हे उदाहरण मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटते की विमा सगळ्यांना दिला की झाले. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. पाच वर्षे गोव्यात राहिलेल्या प्रत्येक कुटुंबाला, गरीब असो की श्रीमंत, कुटुंबाच्या आकाराप्रमाणे अडीच किंवा चार लाखांचे संरक्षण. शिवाय सरकारी रुग्णालय मोठे, रस्ते चांगले, लोक शिकलेले. तरीही मे २०२१ मध्ये बांबोळीत प्राणवायूचा पुरवठा कमी पडून रुग्ण दगावले आणि उच्च न्यायालयाला रोजच्या रोज लक्ष घालावे लागले. पंधरा लाखांच्या त्या राज्यात साथीत नोंदलेले मृत्यू सुमारे चार हजार, म्हणजे लोकसंख्येच्या मानाने देशात सर्वांत जास्त असलेल्या राज्यांपैकी. यात एक गोम आहे तीही सांगतो. गोव्यात मृत्यूची नोंद नीट होते. जिथे नोंदच होत नाही तिथला आकडा लहान दिसतो आणि ते राज्य शहाणे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मिळून भारतात ४७ लाख जास्तीचे मृत्यू झाल्याचा अंदाज दिला, सरकारी आकडा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होता, आणि सरकारने तो अंदाज मान्य केला नाही. तेव्हा देशादेशांची तुलना करताना जरा दमाने घ्यावे.

दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे, लोकसंख्या साधारण सव्वातीन कोटी. तिथे साथीच्या जेमतेम चार महिने आधी, २०१९ च्या नोव्हेंबरात, विमा नसलेल्या सर्वांना सरकारी विम्यात घेण्याचा हुकूम निघाला. कागदावर सगळा देश विम्याखाली आला. पण अतिदक्षतेच्या खाटा मूठभर, आणि लोक प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रात्र रात्र रांगेत. दोन लाखांहून जास्त माणसे गेली. लोकसंख्येच्या मानाने जगातल्या सर्वांत वाईट देशांत पेरूचे नाव येते. आपल्या मालवणीत सांगायचे तर, कार्ड आसा, पण हॉस्पिटल खंय आसा?

उलट बाजूला थायलंड. तिथे २००२ पासून सर्वांना जवळजवळ मोफत उपचार आहेत, पण त्याहीपेक्षा गावागावांत दहा लाखांवर आरोग्य स्वयंसेवक आहेत. आपल्या आशाताईंसारखेच म्हणा. त्यांनी घरोघरी जाऊन बाहेरून आलेल्यांवर लक्ष ठेवले, आणि २०२० साल संपताना त्या सात कोटींच्या देशात कोरोनाचे मृत्यू शंभराच्याही आत होते. पुढच्या वर्षी त्यांनाही फटका बसला, पण तोपर्यंत लस आली होती. आपल्या आशाताईंनी 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' मोहिमेत दारोदार ताप मोजला, त्यांना कोरोनाच्या कामाचे महिना एक हजार रुपये मिळाले, आणि शेवटी जून २०२१ मध्ये त्यांना संपावर जावे लागले. साथ अडवण्याचे काम विम्याच्या कार्डाआधी या बाईपासून सुरू होते, आणि तिला आपण काय देतो? असो.

मग कार्डाचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि अमेरिकेने तो उलट्या बाजूने दाखवून दिला. जगातला सर्वांत श्रीमंत देश, मोठमोठी रुग्णालये, आणि साथ आली तेव्हा अडीच कोटींहून जास्त माणसांना विमाच नव्हता. बिलाची भीती असली की माणूस तपासणी पुढे ढकलतो, घरगुती उपाय करतो, आणि दम लागल्यावर जातो. तिथल्या संशोधकांनी हिशेब मांडला की सर्वांना एकच सरकारी विमा असता तर २०२२ च्या मार्चपर्यंत तीन लाखांहून अधिक जीव वाचले असते. हा अंदाज आहे, मोजणी नाही. पण त्यातली गोष्ट आपल्याला पटते, कारण बिलाच्या भीतीने घरी थांबलेली माणसे आपल्याही वाडीत होती. सोनसाखळी गहाण ठेवून घरी आलेली माणसेही आहेत. ज्यांच्या जवळ खाट आहे, त्यांच्यासाठी कार्ड फार मोलाचे.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. मजुरी.

रापणीचे उदाहरण घ्या. दोरी जो ओढतो त्याला वाटा. ताप आला म्हणून घरी राहिलात, तर त्या दिवसाचा वाटा नाही. मालक वाईट आहे असे नाही, हिशेबच तसा आहे. चिऱ्याच्या खाणीवर तेच, हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईचे तेच, मुंबईत चार घरी धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बहिणीचे तेच. अशा माणसाला तुम्ही सांगता, चौदा दिवस घरात बस. तो ताप लपवणार नाही तर काय करणार? २०१६ मध्ये दोडामार्गात माकडताप आला, पुढच्या वर्षी बांदा परिसरात. गोचिडीपासून होणारा तो रोग. आम्ही सांगत होतो, जंगलात जाऊ नका. पण तो काळ नेमका काजूचा. वर्षाची मिळकत त्या दोन-तीन महिन्यांत. लोक अंगाला तेल चोळून जातच राहिले. मी त्यांना अडाणी म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी नव्हतो. हंगाम बुडाला तर त्या घराला कोण देणार होते?

या गोष्टीचाही जगाने अभ्यास केला आहे. अमेरिकेत २०२० च्या मार्चमध्ये कायदा करून अनेक कामगारांना दोन आठवड्यांची पगारी आजारी रजा दिली. ज्या राज्यांत आधी अशी रजा नव्हती, तिथे या कायद्यानंतर दर राज्यात दिवसाला सुमारे चारशे रुग्ण कमी नोंदले गेले असे अभ्यासकांना आढळले. औषध दिले नाही, खाट दिली नाही. घरी बसायचे पैसे दिले, एवढेच. उलट इंग्लंडमध्ये १९४८ पासून सर्वांना मोफत उपचार आहेत, पण आजारी कामगाराला कायद्याने मिळणारी रक्कम २०२० साली आठवड्याला ९६ पौंडांच्याही आत होती. त्यात तिथे घरभाडेही निघत नाही. दोन लाखांहून जास्त माणसे तिथे गेली. सगळे मृत्यू या एका कारणाने झाले असे मी म्हणत नाही. तिथल्या सरकारने टाळेबंदी उशिरा केली, वृद्धाश्रमांकडे दुर्लक्ष झाले, अशी बरीच कारणे आहेत. पण फुकट दवाखाना असूनही माणूस ताप घेऊन कामावर जातो, हे तिथेही दिसले.

म्हणून मी म्हणतो की १९४४ चा तो अहवाल पुन्हा काढून बघायला हवा. तिथे आजारी माणसाला औषध आणि मजुरी एकाच कार्डावर होती. आज आपल्याकडे पाच लाखांचे कार्ड आहे, ते माणूस पूर्ण आडवा झाल्यावर उपयोगाला येते. ताप आल्याच्या पहिल्या दिवशी, जेव्हा तो घरी राहिला तर त्याचाही जीव वाचतो आणि शेजाऱ्याचाही, तेव्हा त्याच्या हातात काही नसते. रोजंदारीवरच्या माणसाला साथीच्या दिवसांत आजारपणाची मजुरी मिळाली पाहिजे, ही मागणी आपण ग्रामसभेत, आमदारांकडे, जिथे जमेल तिथे केली पाहिजे. कोणी म्हणेल पैसा कुठून आणायचा? मे २०२० मध्ये सगळ्या राज्याला विम्याखाली आणता आले, तेव्हा पैशाचा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आता शेवटी थोडे कामाचे. १ जुलै २०२४ पासून महात्मा फुले योजना सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे, पांढऱ्या कार्डालाही, आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख आहे. ज्यांचे वय ७० च्या पुढे आहे त्यांना २०२४ च्या ऑक्टोबर अखेरपासून केंद्राचे वेगळे वय वंदना कार्ड मिळते, उत्पन्नाची अट नाही. पण आपल्याकडे अडचण कुठे येते? मुंबईच्या रेशनकार्डात नाव घालायचे म्हणून गावच्या कार्डातून नाव कमी केले, आणि मुंबईत ते चढलेच नाही. माणूस दोन्हीकडे नाही. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे तर निम्म्या घरांत नाहीत. आधारवर जयवंत आणि रेशनकार्डावर जयवंता, असे असले तरी रुग्णालयात खेटे पडतात. दाखल होताना घाईत बिल भरून टाकू नका. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते, आधी तिथे जा, कारण उपचाराला पूर्वपरवानगी लागते आणि मागाहून पैसे परत मिळवणे फार जिकिरीचे. कोणी नाकारले तर राज्याचा क्रमांक १५५३८८ आणि आयुष्मानचा १४५५५, या दोन्हींवर तक्रार करता येते. हे दोन्ही क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवायला मी समितीला सांगितले आहे.

तरुण मंडळाने एक वही घातली आहे. त्यात प्रत्येक घराचे नाव, घरात माणसे किती, कोणाचे कार्ड आहे, कोणाचे नाही, आणि ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याचा फोन, एवढेच लिहायचे आहे. आज चाकरमानी आलेले आहेत तोवर मुंबईच्या रेशनकार्डांची नावेही त्यात चढवून घेऊ. येत्या पौर्णिमेला वंदनेला येताना प्रत्येकाने रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर आणावे. वाडीतल्या आशाताईंनाही मी बोलावले आहे, त्या दुपारी तीनपर्यंत थांबणार आहेत.

जयभीम.